गायतोंडे आणि पुसता न येणारी शाई

1984 साली दिल्लीत वासुदेव गायतोंडे यांना जिवावर बेतणारा अपघात झाला. ते वाचले, पण पाच-साडेपाच फूट उंचीच्या कॅनव्हाससमोर उभं राहून रोलर फिरवणं, थर खरवडणं, पुन्हा चढवणं हे काम शरीराला झेपेना. त्यांची तैलचित्रं काही वर्षं थांबली. त्या वर्षांत, साधारण 1985 ते 1987 दरम्यान, त्यांनी छोट्या कागदांवर काळ्या शाईनं कामं केली. पांढरा कागद, त्यावर काही जाड, काही कोरडे फटकारे, आणि बाकी सगळं मोकळं. गायतोंडे म्हटलं की लिलावातली कोटींची तैलचित्रं आठवणाऱ्यांना हे कागद किरकोळ वाटतात. मला ते त्यांच्या साऱ्या कामाची किल्ली वाटतात, आणि ही किल्ली ज्या कुलपाला लागते ते फार जुनं आहे, चिनी शाईचित्रकलेचं.

गायतोंडे यांचा जन्म 2 नोव्हेंबर 1924 चा, नागपूरचा. घर मूळचं गोव्याचं, वाढ मुंबईत गिरगावातली. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1948 साली पदविका घेतली, पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी संबंध आला. 1957 मध्ये टोकियोतल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं. 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यू यॉर्कला गेले, 1971 मध्ये पद्मश्री झाले आणि 1972 मध्ये मुंबई सोडून दिल्लीला आले. निजामुद्दीन ईस्टमधल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवर बांधलेल्या खोलीत, त्यांनी बिऱ्हाड केलं. लोकांत मिसळणं कमी, चित्रं त्याहून कमी, वर्षाला पाच-सहा. उरलेला वेळ खुर्चीत बसून कोऱ्या किंवा अर्ध्या झालेल्या कॅनव्हासकडे पाहण्यात आणि संगीत ऐकण्यात जाई.

ते चीनमध्ये जाऊन शिकले नव्हते. त्यांच्या चित्रात बांबू, धबधबा, धुक्यातला डोंगर असलं काही येत नाही. तरीही शाईचित्रकलेचा नव्यानं अर्थ लावणारा आपल्याकडचा सर्वांत खोल चित्रकार कोण, असं कुणी विचारलं तर मी गायतोंडे यांचं नाव घेईन. त्याचं कारण समजायचं तर आधी शाई कशी वागते ते नीट पाहावं लागतं.

परंपरेनं चिनी चित्रकाराची शाई बाटलीत नसते. ती कांडीच्या रूपात असते. पाइनचं लाकूड किंवा तुंग तेलासारखं तेल जाळून काजळी धरायची, ती जनावराच्या कातडी-हाडांपासून काढलेल्या सरसात मळायची, लाकडी साच्यात दाबायची आणि कित्येक महिने सावलीत वाळवायची. पाइनची काजळी मंद, निळसर झाकेची असते. तेलाची काजळी चमकदार, किंचित उबदार. काम सुरू करायच्या आधी चित्रकार दगडावर थोडं पाणी घेतो आणि कांडी गोल गोल उगाळतो. आपल्याकडे सहाणेवर चंदन उगाळतात, अगदी तसं. घाई केली, जोर दिला, तर कण जाड राहतात आणि शाई कागदावर रखरखीत उतरते. सावकाश उगाळली तर ती दाट आणि मऊ होते. म्हणजे पहिला फटकारा मारायच्या आधीच हात आणि श्वास एका लयीत आलेले असतात. जुने चित्रकार या वेळेला तयारी म्हणत नाहीत, ते तिला चित्राचाच भाग धरतात.

मग पाणी. एकाच शाईत पाणी कमी-जास्त करून पूर्ण काळ्यापासून जेमतेम दिसणाऱ्या राखाडीपर्यंत छटा निघतात. नवव्या शतकातल्या झांग यानयुआन या कलासमीक्षकाच्या वेळेपासून 'शाईचे पाच रंग' ही कल्पना चालत आलेली आहे. एकाच कुंचल्याच्या मुळाशी पातळ आणि टोकाला दाट शाई भरून एका फटकाऱ्यात सगळ्या छटा उतरवण्याचं कसबही त्यातलंच. कुंचल्यांत बोकडाच्या मऊ केसांचे वेगळे, वीझल या प्राण्याच्या ताठ केसांचे वेगळे. मऊ केस पाणी खूप धरतात, ताठ केस रेषेला धार देतात. कुंचला कोरडा पडत आला की फटकाऱ्याच्या पोटात पांढऱ्या चिरा दिसू लागतात. ओघ आणि वेग डोळ्यांना दिसतो तो तिथे.

आणि या सगळ्यावर अंतिम हुकूम चालतो तो कागदाचा. आन्हुई प्रांतातल्या जिंगश्यान परिसरात बनणारा श्वान कागद एका विशिष्ट झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून करतात. हा लगदा डोंगरउतारांवर महिनोन्‌महिने ऊन-पावसात टाकून पांढरा करतात. त्याच्या निर्मितीची कला 2009 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. तुरटी-सरसाचं पाणी न दिलेला कच्चा श्वान कागद शाई क्षणात पितो. कुंचला टेकला की डाग पसरायला लागतो. एक श्वास जास्त थांबलात तर तो तुमच्या हातात राहत नाही. खोडायचं नाही, वर पांढरा रंग लावायचा नाही, दुसऱ्यांदा फिरवलेला हात लगेच ओळखू येतो. काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन, उन्हानंही ती फारशी विटत नाही. चांगली शाई एकदा वाळली की पाठीमागून ओली खळ लावून चित्र कापडा-कागदावर चढवलं तरी फुटत नाही. तुम्ही जे केलंत ते हजार वर्षं तसंच राहणार.

तैलरंगाचा सगळा स्वभाव याच्या उलट आहे. तो दिवसेंदिवस ओला राहतो, खरवडता येतो, झाकता येतो. युरोपातल्या चित्रकारानं अंधारातून उजेड वर काढला तो पांढरा रंग लावून. शाईच्या चित्रकाराकडे पांढरा रंग नाही, त्याला कागद राखावा लागतो. धुकं, पाणी, आकाश, बर्फ, हे सगळं न रंगवलेला कागद असतं. त्यामुळे कुठे हात लावायचा नाही, याचा निर्णय कुंचला उचलायच्या आधी झालेला लागतो.

तेराव्या शतकातल्या मूची या चिनी भिक्षू-चित्रकाराचं एक छोटं चित्र क्योटोच्या दाइतोकुजी मठात जपलेलं आहे. सहा फळं, ज्यांना आपल्या बाजारात पर्सिमन किंवा काकी म्हणतात. ना टेबल, ना भिंत, ना सावली. फळं एका सरळ रांगेत नाहीत. एक थोडं पुढे आलं आहे. मधलं जवळजवळ काळं आहे, त्याच्या शेजारची राखाडी, आणि दोन्ही टोकांची फळं म्हणजे नुसत्या फिकट रेषेनं वेढलेला कागद. देठांचे फटकारे मात्र सगळ्यांत कडक आणि ठाम. बराच वेळ पाहिलं की लक्षात येतं, फळं जड किंवा हलकी वाटतात ती त्यांच्या आकारामुळे नाही, त्यांच्यातल्या पाण्याच्या प्रमाणामुळे. आणि भोवतीचा रिकामा कागद त्यांना पेलून धरतो. मूची चान पंथाचा होता. हा पंथ जपानात गेल्यावर झेन झाला, आणि गायतोंडे यांच्याकडे तो झेन म्हणूनच आला.

झेनची त्यांची ओढ 1950 च्या दशकाच्या अखेरीपासूनची. रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती, खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज यांचंही त्यांच्या विचारात स्थान होतं. पाउल क्ले आणि आपली लघुचित्रं त्यांनी तरुणपणीच पचवली होती. हे सगळं एकत्र धरूनच त्यांच्याकडे पाहायला हवं. नुसतं झेन झेन म्हटल्यानं चित्र कळत नाही. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना मान्य नव्हता. आपलं काम कशाचं तरी अमूर्त रूप नाही, त्यात वस्तूच नाही, असं ते म्हणत.

पूर्व आशियाच्या शाईशी भारतीय चित्रकारांची गाठ त्यांच्याआधी पडली होती. 1902 मध्ये जपानी कलाविचारवंत ओकाकुरा काकुझो कोलकात्याला आले आणि त्यांच्यामागोमाग 1903 मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोन जपानी चित्रकार. ताइकान यांना ओल्या कुंचल्यानं रंग विरवताना पाहून अवनींद्रनाथ टागोरांनी आपली वॉशची पद्धत बसवली. ते चित्र अख्खं पाण्यात बुडवत, वाळवत, पुन्हा रंगवत. त्यातून बंगाल शैलीचं ते प्रसिद्ध धुकं आलं. पुढे 1924 मध्ये रवींद्रनाथांबरोबर नंदलाल बोस चीन-जपानला गेले. नंदलालांनी धुकं मागे ठेवलं आणि कुंचल्याचा फटकारा उचलला. उतारवयात, 1950 च्या दशकात, शांतिनिकेतनात बसून त्यांनी पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर शाईनं झाडं, माणसं, माळरान काढलं. नंदलालांच्या हजारो कलाकृती आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, जयपूर हाउसमध्ये आहेत. ज्यांना शक्य असेल त्यांनी ही छोटी कार्डं आवर्जून पाहावीत. काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनासाठी नंदलालांनी केलेल्या फलकांइतकी त्यांची कीर्ती नाही, पण हात मोकळा झालेला नंदलाल तिथे भेटतो.

दिल्लीचंच आणखी एक नाव इथे घ्यायला हवं, ते जया अप्पासामी यांचं. शांतिनिकेतनात शिकल्यावर 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्या सरकारी शिष्यवृत्तीवर चीनला गेल्या आणि तिथली चित्रकला मुळातून शिकून आल्या. पुढे दिल्लीत चित्रकार, अध्यापक आणि समीक्षक म्हणून त्यांनी आयुष्य घालवलं. मराठी वाचकांसाठी आणखी एक धागा: मराठा काळातल्या तंजावर चित्रकलेवरचं 1980 चं महत्त्वाचं पुस्तक त्यांचंच. 'ललित कला कंटेम्पररी' या नियतकालिकाचं संपादन त्यांनी अनेक वर्षं केलं. याच नियतकालिकात 1975 साली प्रिया करुणाकर यांनी गायतोंडे यांच्या कामाच्या पद्धतीवर बारकाईनं लिहिलं. त्या वर्तुळात शाई, कुंचला, रिकामी जागा या परक्या गोष्टी नव्हत्या.

अवनींद्रनाथांनी शाईचं हवामान घेतलं, नंदलालांनी हात घेतला. गायतोंडे यांनी तिची प्रक्रिया घेतली, आणि तीही तैलरंगात नेली. हे कसं जमलं, त्यात त्यांची खरी करामत आहे.

1960 च्या दशकात त्यांच्या हातातून कुंचला मागे पडला आणि रोलर व पॅलेट नाइफ पुढे आले. रंग पातळ करून एकावर एक पारदर्शक थर द्यायचे, रोलरनं ते दाबून पसरवायचे. थर ओला असतानाच वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाडलेले तुकडे त्यावर ठेवायचे, वरून रोलर फिरवायचा आणि तुकडे उचलायचे. तुकड्याबरोबर रंग निघून येतो, खालचा थर उघडा पडतो, फाडलेल्या कडेची रेघ उमटते. कुठे सुरीनं खरवडायचं. याला दिवस लागत, आठवडे लागत, कारण थर नेमका किती वाळला आहे यावर पुढचा हात अवलंबून. तैलरंगाला पांढरा कागद राखता येत नाही, तर त्यांनी रंग काढून घेऊन उजेड परत मिळवला. कागद शाई पितो तेव्हा जे आपोआप घडतं, ते घडवायला त्यांनी रोलर, सुरी आणि रद्दी कामाला लावली. रंग कुठे सुटेल यातला काही भाग माणसाच्या हातात नसतो. तो नशिबावर सोडायचा आणि जे उमटेल ते स्वीकारायचं की पुसायचं एवढाच निर्णय आपला. खुर्चीत बसून पाहण्याचे ते तास या निर्णयासाठी खर्च होत.

कॅनव्हासचा आकारही बोलका आहे. 1960 च्या दशकाच्या शेवटापासून त्यांची बहुतेक चित्रं उभी आहेत, रुंदीच्या दीडपट उंच. पश्चिमेत निसर्गचित्र आडवं असतं, त्याला क्षितिज लागतं. चीनमधलं भिंतीवर टांगायचं गुंडाळीचित्र उभं असतं. अकराव्या शतकातल्या ग्वो शीचं 1072 सालचं 'वसंताची चाहूल' पाहताना डोळा खालच्या खडकांपासून सुरू होतो, मधल्या धुक्यात हरवतो, आणि शिखरावर निघतो. एका ठिकाणी उभं राहून पाहिल्याचा भास नाही, चढत गेल्याचा आहे. गायतोंडे यांच्या चित्रात शिखर नाही, पण डोळ्याचा प्रवास तोच आहे. खाली एक जडशी खूण, मध्ये विरत गेलेला पट्टा, वर तरंगणारे दोन-तीन आकार, आणि त्यांना टेकायला जमीन कुठेच नाही. न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं ऑक्टोबर 2014 ते फेब्रुवारी 2015 मध्ये, संधिनी पोद्दार यांच्या मांडणीतून, त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा पूर्व आशियाई गुंडाळीचित्रं आणि शाईचित्रं यांच्याशी असलेलं हे नातं पोद्दार यांनीही ठळकपणे मांडलं.

आता पुन्हा अपघातानंतरच्या त्या कागदांकडे येऊ. रोलर नाही, थर नाहीत, परत फिरायची सोय नाही. कागद हातभराहून लहान. त्यावर जे फटकारे आहेत ते अक्षरांसारखे दिसतात, पण कोणत्याच लिपीतले नाहीत. देवनागरीची शिरोरेघ आठवेल असा एखादा आडवा पट्टा, त्याखाली लोंबणारा एखादा दांडा, मध्येच शाई संपत आल्याच्या पांढऱ्या चिरा. काही ठिकाणी शाई तुडुंब भरलेली. वीस-बावीस वर्षं जो माणूस थर चढवून आणि काढून हळूहळू खुणेपर्यंत पोचत होता, तो इथे थेट खुणेवर येतो. तैलचित्रात आठवडाभर पसरलेला काळ एका फटकाऱ्यात गोळा झालेला आहे. शाई त्यांना नवी नव्हती. 1960 च्या दशकातही त्यांनी कागदावर शाई वापरली होती. पण या वेळी शरीराची मर्यादा आणि साधनाची शिस्त एकमेकांना भेटली, आणि म्हणूनच या कागदांत एक निकड आहे. पुढे ते कॅनव्हासकडे वळले, तेव्हा 1990 च्या दशकातल्या चित्रांत या खुणा बरोबर आल्या. रंगांच्या विरत्या पडद्यावर त्या अधिक सुट्या, अधिक निश्चित उमटल्या आहेत. 1995 च्या एखाद्या तैलचित्राशेजारी 1987 चा शाईचा कागद ठेवला तर हे सांगायला समीक्षक लागणार नाही.

याच काळात खुद्द चिनी चित्रकार आपल्या परंपरेशी कसे वागत होते? पॅरिसला स्थायिक झालेले झाओ वू-की 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, पत्नीच्या आजारपणाच्या काळात, तैलरंगांतून शाईकडे परतले. च्यू झिजिए यांनी 1990 पासून पाच वर्षं एकाच कागदावर सुलेखनातला एक अभिजात मजकूर हजार वेळा लिहिला, आणि कागद पूर्ण काळा झाला. पुसता न येण्याचा नियम त्यांनी शेवटापर्यंत ताणून पाहिला. शू बिंग यांनी 2004 पासून केलेल्या एका मालिकेत समोरून दिसतं ते धुक्यातलं जुनं निसर्गचित्र. मागे जाऊन पाहिलं तर धुरकट काचेला चिकटवलेल्या वाळक्या काटक्या, तागाचे धागे, चुरगळलेला कागद, आणि पलीकडून येणारा उजेड. शाईचा एक थेंबही नाही. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात डिसेंबर 2013 ते एप्रिल 2014 मध्ये चीनच्या समकालीन शाईकलेचं मोठं प्रदर्शन झालं, त्यात च्यू झिजिए आणि शू बिंग यांची कामं होती. त्यानंतर सहा महिन्यांनी, त्याच शहरात काही रस्ते पलीकडे, गायतोंडे लागले. दोन्ही प्रदर्शनं एकत्र मनात ठेवून पाहिली तर ध्यानात येतं की चिनी चित्रकारांना परंपरेशी झगडावं लागलं, ती वारशानं अंगावर आली होती. गायतोंडे तिला बाहेरून, स्वतःच्या गरजेनं भेटले. झगडा नव्हता, म्हणून त्यांना तोडमोड करावी लागली नाही. आपल्याला हवं ते घेऊन ते शांतपणे कामाला लागले.

त्यांच्या जवळ असलेल्या एका चित्रकर्तीचा उल्लेख टाळता येत नाही. नसरीन मोहमदी (1937 ते 1990) मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटच्या दिवसांपासून गायतोंडे यांना ओळखत होत्या. 1970 च्या सुमारास त्या दोनेक वर्षं दिल्लीत होत्या, मग बडोद्याला शिकवायला गेल्या. त्यांची सुरुवातीची शाईची कामं ओली, झाडाझुडपांसारखी पसरणारी आहेत. पुढे त्या पट्टी आणि पेन घेऊन केसाएवढ्या रेषांकडे गेल्या. पसरणारी शाई आवरत आवरत रेषेपर्यंत आणणं, हा त्यांचा वेगळा मार्ग. 2013 मध्ये साकेतच्या किरण नाडर संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन केलं होतं.

मराठीत गायतोंडे यांना वाचकांपर्यंत आणण्याचं काम सतीश नाईक यांनी 'चिन्ह' या कलाविषयक नियतकालिकातून आणि नंतरच्या 'गायतोंडे' या ग्रंथातून चिकाटीनं केलं. तरी 2013 च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात 1979 चं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं तेव्हापासून किमतीचीच चर्चा पुढे आहे. ती चर्चा मला त्रास देते, कारण ती माणसाला चित्रासमोर उभंच राहू देत नाही. दिल्लीत असाल तर जयपूर हाउसमध्ये जा, गायतोंडे यांच्या कॅनव्हाससमोर थांबा, मग एका बाजूला सरकून तिरक्या उजेडात पृष्ठभाग पाहा. फाडलेल्या कागदाच्या कडा, सुरीचे ओरखडे, खालून डोकावणारा आधीचा थर, हे सगळं समोरून कळत नाही.

आणि या शहरातल्या संग्रहालयांकडे माझं एक मागणं आहे. जनपथवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात ऑरेल स्टाइन यांनी डुनहुआंगहून आणलेली चिनी बौद्ध चित्रं आहेत, जयपूर हाउसमध्ये अवनींद्रनाथांचं वॉश आणि नंदलालांची कार्डं आहेत, साकेतला नसरीन आहेत. यांच्यामध्ये गायतोंडे यांचे 1985 ते 87 चे शाईचे कागद एकाच दालनात, फार लांब लांब न टांगता, एकदा मांडून दाखवावेत. शेजारी एक दगड, एक कांडी आणि पाणी ठेवावं, आणि येणाऱ्या शाळकरी मुलांना शाई उगाळू द्यावी.